शिरांच्या चटणीनंतर उरलेली बाग

स्वयंपाकघरातील उरल्यासुरल्यावर घरची बाग फुलवावी, असा सल्ला देणाऱ्या बहुतेक लेखनात स्वयंपाकघरात काहीतरी उरते, ही गोष्ट गृहीत धरलेली असते. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराच्या बाबतीत मात्र हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. दोडका सोलला की त्याच्या शिरांची चटणी होते, दुधीच्या सालींची तीळ घालून दुसरी चटणी होते, फणसाच्या आठळ्या भाजीत पडतात, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होतो आणि भाताला फोडणी मिळते. सायीचे विरजण, विरजणाचे लोणी आणि लोण्याचे तूप झाल्यावर भांड्याच्या तळाशी जी बेरी राहते, तिच्यावरही साखर भुरभुरून ती घरातील मुले खातात. अशा घरात बाग ही हक्कदारांच्या रांगेत शेवटी उभी असते, आणि तिच्या वाट्याला काय येते हे वनस्पतिशास्त्रावर कमी आणि गृहिणीच्या निश्चयावर अधिक अवलंबून असते.

जे पदार्थ या रांगेतून निसटून बागेपर्यंत पोहोचतील असे वाटते, त्यांपैकी अनेकांवर ऐनवेळी दुसराच दावा सांगितला जातो. संत्र्याची साल उटण्यासाठी वाळत घातली जाते, डाळिंबाची साल खोकल्यावरचे औषध म्हणून बरणीत जाते, पिळलेल्या लिंबाच्या फोडी तांब्यापितळेची भांडी घासण्यासाठी राखून ठेवल्या जातात आणि नारळाच्या शेंडीला नेहमीच काहीतरी काम निघते. ज्यांच्यावर कोणाचाही दावा नाही असे पदार्थ हिशेबात अगदी थोडे भरतात: केळीची साल, कांद्याची टरफले, वांग्याचे देठ, पालेभाजीची पिवळी पडलेली पाने आणि चहाचा चोथा.

चहाच्या चोथ्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण गृहबागायतीच्या सल्ल्यांमध्ये त्याला मिळालेले स्थान ज्या देशांत चहा केवळ गरम पाण्यात बुडवून पितात त्या देशांतील आहे. मराठी घरातील चोथा दूध, साखर, आले आणि प्रसंगी गवती चहा यांच्यासह उकळून निघालेला असल्यामुळे तो थेट कुंडीत टाकला असता प्रथम मुंग्या येतात. मुंग्या एकट्या राहात नाहीत. कोवळ्या शेंड्यांतील रस शोषणारी ‘मावा’ ही बारीक, मऊ अंगाची कीड त्या संभाळतात, कारण मावा शरीरातून जो गोड, चिकट स्राव सोडतो तो मुंग्यांचे अन्न होय आणि त्याच्या मोबदल्यात त्या माव्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना पिटाळून लावतात. माव्याच्या माद्या नराची वाट न पाहता थेट पिले घालतात व ती पिले आठ-दहा दिवसांत स्वतः पिले घालू लागतात. चिकट स्राव पानांवर सांडला की त्यावर काळी बुरशी चढते. अशा रीतीने दोन चमचे साखरेपासून सुरू झालेली कार्यकारणाची साखळी पंधरवड्यात गुलाबाच्या कळ्यांपर्यंत पोहोचते, आणि दोष मात्र रोपवाटिकेला दिला जातो. उपाय सोपा आहे. चोथा गाळण्यातच पाण्याखाली धुवावा, उन्हात सुकवावा आणि मगच मातीत मिसळावा. पण घरातील जी व्यक्ती चहा पिते ती चोथा धूत नाही आणि जी धुते तिला बागेची आवड नसते, ही त्यातील खरी अडचण आहे.

अंड्याच्या टरफलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. टरफल जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडतो त्या विकृतीचा संबंध झाडाला कॅल्शियम न पोहोचण्याशी असल्यामुळे टरफले कुंडीत टाकण्याची शिफारस वारंवार केली जाते. वास्तविक तो विकार बहुधा पाणी कधी कमी व कधी जास्त मिळाल्याने उद्भवतो, आणि टरफलाचे मोठे तुकडे मातीत विरघळण्यास वर्षे लागतात. उपयोग व्हावा असे वाटत असेल तर त्यांचे पिठासारखे चूर्ण करावे लागते. ज्या घरांत अंडे अधिकृतपणे आणले जात नाही, तेथे खताच्या बादलीतून दोन वर्षांनी जसेच्या तसे बाहेर येणारे टरफल हा कॅल्शियमचा पुरवठा नसून पुरावा असतो.

ओल्या कचऱ्याचे खत करण्यामागील तत्त्व ‘कर्ब-नत्र गुणोत्तर’ या नावाने ओळखले जाते. कुजविणाऱ्या सूक्ष्मजीवांना शक्तीसाठी कर्ब आणि शरीरबांधणीसाठी नत्र लागते, आणि कर्बाचे सुमारे पंचवीस ते तीस भाग व नत्राचा एक भाग हे प्रमाण त्यांना मानवते. भाजीची साले व देठ यांत नत्र तुलनेने जास्त, तर सुका पालापाचोळा, नारळाचा काथ्या आणि रसवंतीगृहाबाहेर पडलेली उसाची चिपाडे यांत कर्ब जास्त असतो. म्हणून एक थर ओला व त्यावर दुप्पट जाडीचा सुका, अशी रचना करावी. मूठभर मिश्रण दाबले असता बोटांतून एखादा थेंब यावा, धार लागू नये. बादलीला वास येऊ लागला तर बहुतेक वेळा सुका पाला कमी पडलेला असतो. बाजारात मिळणाऱ्या जिवाणू-मिश्रणाऐवजी आंबट ताक आणि गुळाचे पाणी शिंपडूनही काम भागते, आणि घरोघरी त्याला विरजणच म्हणतात.

हे तत्त्व शास्त्रीय पद्धतीने मांडण्याचे श्रेय इंदूरला जाते, ही मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे. होळकरांच्या या राजधानीत १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ढीग ठराविक दिवसांनी उलटेपालटे करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसविली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक प्रसिद्ध झाले त्यावर हॉवर्ड यांच्यासह यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून तिचा बोलबाला झाला, हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक मानले गेले, आणि वाड यांचे नाव, मराठी सहलेखकांच्या बाबतीत अनेकदा होते तसे, मुखपृष्ठावरच राहिले. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो अशी म्हण आहे. या दोघांनी ती मुदत नव्वद दिवसांवर आणली.

शहरातील उकिरड्याचा पांग फेडण्यात शासनाचाही वाटा आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले, आणि गांडूळखत, सौरऊर्जा व पर्जन्यजल-संधारण यांपैकी एक सोय करणाऱ्यांना मिळकतकरात पाच टक्के व अधिक सोयी करणाऱ्यांना दहा टक्के सवलत पुणे महानगरपालिकेने देऊ केली. गांडुळांविषयी पुणेकरांना एकाएकी जो जिव्हाळा वाटू लागला त्याचा विचार या सवलतीपासून वेगळा करता येत नाही. गांडुळे आपले काम प्रामाणिकपणे करतात, फक्त त्यांना आंबट साले, मीठ, तेल आणि लोणच्याचा खार चालत नाही. मराठी ताटातील उष्ट्यातून हे चार पदार्थ वगळले तर गांडुळांना वाढण्यासारखे फारसे काही राहत नाही.

खताच्या बादलीत पावसाळ्याच्या सुमारास करड्या-तपकिरी, जाड, वळवळणाऱ्या अळ्या दिसू लागतात, आणि बहुतांश घरगुती प्रयोग याच टप्प्यावर समाप्त होतात. या अळ्या ‘काळी सैनिक माशी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशीच्या असतात. ती चावत नाही, अन्नावर बसण्यासाठी घरात घोंगावत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा विलक्षण वेगाने संपवतात. शास्त्रदृष्ट्या त्या वरदान होत. परंतु ज्या घरात भाजीतील एक अळी दिसल्यावर अख्खा फ्लॉवर परत नेला जातो, तेथे मूठभर अळ्या पाहून समाधान मानावे, ही अपेक्षा कोणत्याही शास्त्राने करू नये.

ऋतूंचा विचार मृग नक्षत्रापासून करणे सोयीचे, कारण जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्य मृगात शिरतो आणि त्या दिवशी नक्षत्राचे वाहन काय आहे हे कॅलेंडरात पाहून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत गच्चीवरील शेतकऱ्यांनीही सोडलेली नाही. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस चांगला, असा संकेत आहे. वाहन कोणतेही असो, कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे की नाही हे पाहणे अधिक फलदायी ठरते. दोडका, कारले, पडवळ, काकडी हे वेल या दिवसांत लावावेत. अळू तर लावावे लागतच नाही, पूर्वी परसातील मोरीच्या पाण्यावर ते आपोआप माजत असे आणि आजही सांडपाण्याजवळची मोठी कुंडी त्याला पुरते. कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढतो. महापालिकेचा तपासनीस नेमका याच बशीकडे पाहतो, शेजारच्या फुललेल्या गोकर्णाकडे पाहत नाही.

पावसाळ्यात खताची बादली चिखल होते आणि सुका पाला तर कोठेच मिळत नाही. म्हणून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळीच्या दिवसांत, गोण्या भरून ठेवावा लागतो. या गोण्या कोठे ठेवाव्यात, हा प्रश्न गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांमध्ये वाहनतळाच्या प्रश्नाला जोडून चर्चेला येतो व त्याच्यासोबतच पुढील वर्षावर ढकलला जातो.

याच ऋतूत रात्री गोगलगायी निघतात. भारतात सर्वत्र पसरलेली मोठी आफ्रिकी गोगलगाय १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखसंग्राहकाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणून एका बागेत सोडली आणि तेथून तिने जो संथ प्रवास आरंभला तो आता मराठवाड्यातील सोयाबीनपर्यंत येऊन ठेपला आहे. तिच्यावर मीठ टाकण्याचा प्रघात आहे. त्याने गोगलगाय मरते हे खरे, पण मातीही खारावते. टॉर्च घेऊन रात्री एकेक वेचणे आणि साबणाच्या पाण्यात टाकणे हाच घरगुती उपाय शिल्लक राहतो. त्यासाठी हातमोजे घालावेत, कारण तिच्या अंगी माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात.

हिवाळा हा गच्चीवरील शेतीचा सुकाळ होय. मेथी स्वयंपाकघरातील डब्यातून थेट पेरता येते आणि तीन-चार दिवसांत उगवते. धने मात्र आख्खे न पेरता हलकेच रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या लागतात, कारण एका धन्यात दोन बिया असतात. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, आणि पाचव्या दिवशी माती उकरून पाहण्याची जी प्रथा आहे तिच्यामुळे हा अवधी वाढतो. दसऱ्याच्या तोरणातील सुकलेला झेंडू कुस्करून पेरला तर पुढे त्याची रोपे येतात. झेंडूची मुळे जमिनीतील सूत्रकृमींना, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींना, आवरतात. शिवाय तो ‘सापळा पीक’ म्हणूनही उपयोगी पडतो. मुख्य पिकाकडे जाणारी कीड वाटेतच अडकून राहावी म्हणून कडेला जे अधिक आकर्षक रोप लावतात त्याला हे नाव आहे. टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करते, आणि टोमॅटो काही अंशी वाचतो.

दवाच्या दिवसांत काकडीवर व भोपळ्यावर भुरी येते. पीठ चाळल्यासारखी पांढरी बुरशी पानावर पसरते. ब्राझीलमधील बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास दूध मिसळून केलेली फवारणी भोपळावर्गीय पिकावरील भुरीस आवर घालते असे दिसून आले. झाडावर दूध फवारण्याची कल्पना मराठी घरात मान्य होणे कठीण असले, तरी दुधाचे पातेले विसळलेले पाणी हा पदार्थ येथे पिढ्यानपिढ्या उपलब्ध आहे. त्यातील दुधाचे प्रमाण पातेले कोणी विसळले यावर ठरत असल्यामुळे या उपायाचे निष्कर्ष घरागणिक बदलतात. कढीपत्त्याला आंबट ताक घालण्याचा प्रघातही सर्वश्रुत आहे, आणि त्याला असलेला मुख्य आक्षेप असा की, तेच ताक व तोच कढीपत्ता एकत्र आणण्यासाठी कढी नावाची अधिक सिद्ध पद्धत आधीच अस्तित्वात आहे.

उन्हाळ्यात बागेचा खरा प्रतिस्पर्धी ऊन नसून वाळवण असते. पान हे सूर्यप्रकाश पकडण्याचे साधन आहे आणि शेतकऱ्याचे उत्पन्न त्या पकडलेल्या प्रकाशावर अवलंबून असते, ही दृष्टी कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या ‘प्रयोग परिवार’च्या द्वारे सामान्य शेतकऱ्यांपर्यंत नेली; पण एप्रिलमध्ये तोच प्रकाश पापड, कुरडया, सांडगे आणि गव्हाच्या चिकाला हवा असतो आणि त्यांचा हक्क आधी मानला जातो. गवार व भेंडी एप्रिल-मे हे दोन महिने सहन करतात. मे महिन्यात कुटुंब गावी गेल्यावर शेजाऱ्यांवर सोपविलेल्या कुंड्या एकतर वाळतात किंवा कुजतात, कारण शेजाऱ्याची जबाबदारीची जाणीव झारीने मोजता येत नाही; त्यापेक्षा मातीवर काथ्याचा किंवा पाल्याचा तीन बोटे जाड थर घालणे व पाण्याची बाटली झाकणाला बारीक भोक पाडून उलटी रोवणे बरे.

नैसर्गिक कीडनियंत्रणाच्या पाककृती पाहिल्यास कीड हाकलण्याऐवजी तिला जेवायला बसविल्याचा भास होतो. हिंगाचे पाणी, लसूण-मिरचीचा अर्क, आल्याचा रस, हळद, ताक: फोडणीचे जवळजवळ सर्व साहित्य येथे आहे, फक्त मोहरी तडतडायची राहते. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर यांच्या ‘जीवामृत’ या द्रवखतात एका एकरासाठी दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण व गोमूत्र यांच्यासह दोन किलो गूळ व दोन किलो बेसन घालण्यास सांगितले आहे; शेतावर हे प्रमाण शोभते, पण गच्चीच्या मापाने उरलेले मूठभर बेसनही पिठल्याला उपयोगी पडले असते, हा विचार घरातील कोणाच्या तरी मनात आल्यावाचून राहत नाही. दशपर्णी अर्क, म्हणजे कडुनिंब, निरगुडी, करंज, रुई, एरंड, सीताफळ, कण्हेर, पपई, गुळवेल आणि घाणेरी अशा दहा वनस्पतींची पाने महिनाभर कुजवून केलेले द्रावण, हेही प्रभावी मानले जाते. तथापि ते कुजत असताना येणाऱ्या वासाने कीड जाण्याआधी वरच्या मजल्यावरील भाडेकरू जातो. संत्र्याच्या सालींचे ‘जैव-विकर’ एक भाग गूळ, तीन भाग साले व दहा भाग पाणी अशा प्रमाणात तीन महिने मुरवितात. पहिल्या महिन्यात बाटलीचे झाकण रोज सैल करून आतला वायू जाऊ द्यावा लागतो, आणि हे विसरलेल्या घरांत मध्यरात्री आवाज होतो.

या सर्वांत निंबोळी अर्काला पर्याय नाही. पन्नास ग्रॅम सुक्या निंबोळ्यांच्या गराचे चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. चक्का बांधण्याचे फडके या कामी वापरल्यास पुढील सणाचे श्रीखंड कडू होते. निंबोळीतील अ‍ॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य कडक उन्हात लवकर निष्प्रभ होत असल्याने, आणि दिवसा मधमाश्या फुलांवर येत असल्याने, संध्याकाळचीच वेळ योग्य. हे द्रव्य किडीला तत्काळ मारत नाही, तर तिची खाण्याची इच्छा व कात टाकण्याची क्षमता घालविते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पानावर तीच अळी हिंडताना पाहून फवारणी व्यर्थ गेल्याचा निष्कर्ष काढू नये. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर दिलेले पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने २००० साली रद्द केले, कारण भारतीयांना तो उपयोग आधीपासून ठाऊक होता. तो प्रत्यक्षात किती जण करतात, हे तेथे विचारले गेले नाही.

तंबाखूचा काढा मात्र टाळावा. निकोटिन माणसासही विषारी आहे, आणि तंबाखूतून येणारा विषाणू टोमॅटो-मिरचीस लागतो. म्हणून तंबाखू मळलेला हात धुतल्याखेरीज माळ्याने टोमॅटोच्या रोपास स्पर्श करू नये. लिंबाच्या व कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा वाटावी असे जे काही बसलेले असते ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते, आणि ते सोंग ती पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून घेते. ज्या गृहस्थांना बागेत फुलपाखरे हवी असतात त्यांनाच अळी नको असते. या दोन इच्छा एकाच कढीपत्त्यावर पूर्ण होत नाहीत.

आतापर्यंत वर्णिलेल्या सर्व किडी सहा पायांच्या, बिनपायांच्या अथवा एका पायाच्या आहेत. दोन पायांची कीड पहाटे साडेपाचच्या सुमारास, हातात प्लॅस्टिकची पिशवी व टोकाला आकडा बसवलेली काठी घेऊन, कुंपणाबाहेरून येते. ती चोखंदळ असून जास्वंद, तगर, पारिजातक व त्याखालची दूर्वा यांवर तिचा भर असतो, आणि संकष्टी व अंगारकीस तिचा प्रादुर्भाव कमाल असतो. रासायनिक बुरशीनाशकांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण योगायोगाने याच किडीपासून सुरू होते. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून बागायतदार पानांवर मोरचूद व चुन्याचे निळसर, किळसवाणे मिश्रण शिंपडत असत. त्याच वेलींवर केवडा रोग आला नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८२ साली पाहिले, १८८५ मध्ये जाहीर केले, आणि नाशिकचे द्राक्षबागायतदार आजही जे ‘बोर्डो’ मारतात ते हेच.

पुण्यातील वा ठाण्यातील कुंपणाबाबत हा उपाय लागू पडत नाही, कारण फूल देवासाठी नेले जात असल्याने त्यावर मोरचूद शिंपडणारा गृहस्थच गल्लीत दोषी ठरतो, आणि ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी फुले कोठे आहेत एवढेच कळविते. येथे सापळा पिकाचे तत्त्वच उपयोगी पडते. कुंपणालगत, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, भरपूर फुलणाऱ्या देशी लाल जास्वंदाची दोन रोपे लावावीत, त्यांना केळीच्या सालींचे खत इतरांहून थोडे अधिक द्यावे, आणि घरच्या देवासाठीचा जास्वंद गच्चीत टाकीच्या मागे न्यावा.